तुम्ही विचारलंत म्हणून: नागपुरात जुनी होंडा सिटी बघताना

"सहा-सात लाखांत जुनी होंडा सिटी मिळतेय, घेऊ का? किती किलोमीटर चाललेली चालेल?" दिवाळीच्या आधी आणि मार्च संपला की हा प्रश्न हमखास येतो. गाडी चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण किलोमीटर हा नागपुरात सगळ्यात शेवटी बघायचा आकडा. इथली गाडी चालून जितकी झिजते, त्याहून जास्त उन्हात उभी राहून झिजते. त्यात पाण्यात बुडालेली निघाली तर मीटरवर तीस हजार असले काय आणि नव्वद हजार असले काय. म्हणून आधी पाणी, मग ऊन, मग कागद.

आधी कोणती सिटी हे ठरवा. २००८ ते २०१३ ची तिसरी पिढी स्वस्तात मिळते आणि तिचं १.५ आय-व्हीटेक इंजिन दणकट आहे, पण या गाड्या टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत, आल्या होत्या. त्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमधलं रसायन वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचा डबाच फुटून तुकडे अंगावर येतात. चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की काम झालंय की बाकी आहे ते कळतं. बाकी असेल तर कंपनी फुकट करून देते. हे न बघता तिसरी पिढी घेऊच नका.

चौथी पिढी जानेवारी २०१४ ला आली, पाचवी जुलै २०२० ला. सहा-सात लाखांत माझं मत २०१७ च्या फेसलिफ्टनंतरच्या (रूप आणि फीचर बदललेल्या) चौथ्या पिढीकडे झुकतं. तेव्हापासून दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सगळ्याच व्हेरिएंटमध्ये आहेत, आणि गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२२ च्या चाचणीत या पिढीला ४ तारे मिळाले. सनरूफसाठी वरचं व्हेरिएंट शोधत बसू नका. मे महिन्यात नागपुरात सनरूफ उघडतं कोण?

पेट्रोल की डिझेल? महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर असतील तर पेट्रोल. शहरात लिटरला दहा-बारा, हायवेवर सोळा-सतरा धरून चाला. डिझेल हायवेवर वीस देतं, पण इंजिनाचा आवाज केबिनमध्ये येतो, आणि बीएस-सिक्स (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. धरमपेठ ते सीताबर्डी अशा छोट्या फेऱ्यांत तो तापत नाही, काजळीने भरतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. रोज बुटीबोरीला नाहीतर भंडाऱ्याला जाणाऱ्यानेच डिझेल बघावं.

एक गंमत लक्षात ठेवा. "टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय" असं विकणारा म्हणाला तर बिल मागा. या इंजिनात बेल्ट नाहीच, चेन आहे.

आता पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर ते सीताबर्डीपर्यंत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन, वाळवून, शाम्पू मारून बाजारात परत येतात. शहर सोडूनही जातात, आणि दुसऱ्या शहरात बुडालेल्या इकडे येतात. म्हणून "आमच्या भागात पाणी नव्हतं भाऊ" याला काही अर्थ नाही.

सीटबेल्ट हळूहळू पूर्ण ओढा, अगदी टोकापर्यंत. रोजच्या वापरात बाहेर न येणारा शेवटचा दीड-दोन फुटांचा पट्टा असतो ना, तिथे गाडी धुणाऱ्याचा हात पोचत नाही. त्यावर मातकट पाण्याची आडवी रेघ दिसली किंवा पांढरा रुमाल चोळल्यावर तो तपकिरी झाला, की पुढचं काही बघायचं कारण नाही. पट्ट्याच्या बुडाशी उत्पादनाच्या तारखेचं लेबल असतं. गाडी २०१८ ची आणि चारही पट्टे २०२३ चे असतील तर ते का बदलले, एवढंच विचारा आणि चेहरा बघा.

मग पुढच्या सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारा. सीटची रेल आणि तिचे बोल्ट गंजलेले नकोत. डिक्कीत स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात गाळ किंवा नवा काळा रंग आहे का बघा. डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या पायाजवळ वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर म्हणजे तांबं सडायला लागलंय. ती गाडी आज चालेल, सहा महिन्यांनी पॉवर विंडोपासून ईसीयूपर्यंत (इंजिनाचा कॉम्प्युटर) एकेक बंद पडेल. सगळ्या काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. नाक खोटं बोलत नाही, मात्र आत तीन-तीन परफ्यूम लटकत असतील तर ते काढून दुसऱ्या दिवशी या.

सगळ्यात सोपी खूण कागदावर सापडते. मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि क्लेम झाला की शून्यावर येतो. २०२३ च्या पॉलिसीत ४५ टक्के आणि २०२४ मध्ये शून्य असेल, तर मधल्या वर्षात काहीतरी घडलंय. काय घडलं ते क्लेमच्या कागदावर असतं. मालक कागद दाखवायला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.

आता ऊन. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा या गाडीची एसी ही खरी परीक्षा, म्हणून गाडी सकाळी बघायला जाऊच नका. दुपारी दोन-तीनला जा. एक साधा डिजिटल थर्मामीटर न्या. काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, पंखा दोनवर, आणि दहा मिनिटं चालवल्यावर मधल्या जाळीतून ८ ते १२ अंश हवा यायला हवी. चालताना गार आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट, असं झालं तर कंडेन्सर चोंदलाय, पंखा कमजोर झालाय किंवा गॅस कमी आहे. पहिली वीस मिनिटं मस्त गार आणि नंतर हवेचा झोतच कमी, असं असेल तर एसीच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय: फिल्टर तुंबलाय नाहीतर गॅस कमी आहे.

चौथ्या पिढीच्या सिटीत कूलिंग कॉइल लीक होणं हे नेहमीचं दुखणं आहे. विकणारा हजार-दीड हजारात गॅस भरून घेतो, महिनाभर थंडावा मिळतो, मग परत तेच. म्हणून "गॅस कधी भरला?" हा प्रश्न "सर्व्हिसिंग कधी केली?" याच्या आधी विचारा. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कॉइल बदलायचा खर्च किमतीतून कापा. कॉइल, मजुरी आणि नवा गॅस मिळून आकडा पाच अंकी होतो.

बोनेट मात्र एसी लावण्याआधी, इंजिन थंड असतानाच उघडा. गाडी सावलीत उभी असूनही बोनेटला हात लावल्यावर गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी गाडी सुरू करून ठेवलीय; थोडं थांबा. कूलंटच्या बाटलीत निळं पाणी हवं. तपकिरी दिसलं तर कुणीतरी बोअरवेलचं जड पाणी ओतत आलंय आणि रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेत. थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत पांढरी वाफ क्षणभर येते, ती सोडून द्या. आयडलिंगला एसी लावल्यावर स्टिअरिंग आणि सीट थरथरली तर इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग) गेलंय. ते बदलता येतं, पण भाव करताना बोला.

टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२२१९' म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असो, नागपूरच्या उन्हात सहा वर्षं झालेला टायर मोडीत काढा, विशेषतः मुंबईकडे समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर. ताशी १२० ची मर्यादा, तापलेलं सिमेंट काँक्रीट, सलग तीन तास एकसारखा वेग आणि त्यात हवा कमी, यात म्हातारं रबर टिकत नाही. चार नव्या टायरांचे वीस-पंचवीस हजार धरा. बॅटरीवरची तारीखही बघून घ्या. तीन उन्हाळे काढले असतील तर ती बदलायचीच आहे असं समजा.

पत्रा बघायला रंगाची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर घ्या किंवा तो असलेला माणूस सोबत न्या. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. आधी छतावर मोजा, कारण छत सहसा कुणी रंगवत नाही, आणि मग त्याच्याशी बाकीचे भाग ताडून बघा. २५०-३०० च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे. बंपर आणि दार रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही; रविवारी सीताबर्डीच्या गर्दीत गाडी लावणाऱ्याला विचारा. पण बोनेटखालचा एप्रन (चाकावरचा आतला पत्रा), रेडिएटरची पट्टी किंवा छत पेलणारा पिलर रंगवलेला असेल तर मोठा अपघात झालेला असू शकतो, उठा. दाराचं रबर ओढून खालचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारखे आहेत का बघा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरच्यांना मागे बसवा. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलीमीटर आहे. मागे तिघं बसले की गाडी आणखी दबते आणि कॉलनीतल्या गावठी ब्रेकरवर पोट घासतं. घरासमोरचाच ब्रेकर पार होत नसेल तर बाकी तपासणी व्यर्थ. सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस द्या: इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपलीय. सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची गाडी, असेल तर वीस-तीसच्या वेगात गाडी थरथरते का बघा आणि गिअर ऑइल बदलल्याची बिलं मागा; दर चाळीस हजार किलोमीटरला ते बदललं नसेल तर ती गाडी नको. खराब रस्त्यावर कान द्या. बारीक टकटक म्हणजे लिंक रॉड, स्वस्तातलं काम. जड धप्प आवाज म्हणजे शॉकअबचं माउंटिंग किंवा लोअर आर्मचा बुश. हाताला स्टिअरिंगमध्ये ठोका जाणवला तर स्टिअरिंग रॅक, आणि तिथे खिसा हलका होतो. वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावर रस्ता मोकळा आणि सरळ मिळतो. मर्यादेत राहून एकसारख्या वेगाने चालवा. गाडी एका बाजूला ओढते का, हलका ब्रेक लावल्यावर पेडल धडधडतं का, हे तिथेच कळतं.

मीटर फिरवलं असेल का, असं विचारता. फिरवणं सोपं आहे, सगळीकडे फिरवणं अवघड आहे. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी मालकाच्या संमतीने काढून घ्या. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं स्टिअरिंग गुळगुळीत आणि क्लच पेडलचं रबर झिजलेलं नसतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो. त्यात एकही फॉल्ट कोड नसेल आणि रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या) मात्र सगळे 'अपूर्ण' दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.

कागदांत पासिंग बघा. एमएच-३१, ४९ आणि ४० म्हणजे नागपूर शहर, पूर्व आणि ग्रामीण. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. रायपूर-छिंदवाड्याची असेल तर महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो. दिल्लीची जुनी डिझेल सिटी भावात स्वस्त दिसली तरी हा खर्च त्यात मिळवून बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरपाटी, लागलीय का तेही बघा. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही. तो त्याच्याकडे राहतो आणि फरक तुम्हाला भरावा लागतो.

ई-चालान गाडीच्या नंबरवर ऑनलाइन दिसतात, ते आधी मालकाकडून भरून घ्या. आणि चावी हातात घेताना एका साध्या कागदावर तारखेसोबत वेळही लिहा, मीटरचं रीडिंग टाका, दोघांच्या सह्या घ्या. दुपारी चारला तुम्ही गाडी घेतली आणि त्याच सकाळी व्हेरायटी चौकात सिग्नल तोडल्याचं चालान आठवड्याने आलं, तर ते कुणी भरायचं हे तो कागद ठरवतो.