व सहकारी

तात्या सकाळी साडेसातला दारात उभे, हातात दुकानाची जुनी प्लास्टिकची पिशवी. 2023 चा जून होता. पिशवीत आधार, रेशनकार्ड, तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो आणि मानधनाचा फॉर्म, ज्येष्ठ साहित्यिक-कलाकारांना सरकार देतं त्या मानधनाचा. सगळं भरून झालेलं, एकच रकाना रिकामा. कलाक्षेत्रातल्या किमान 15 वर्षांच्या कामाचे पुरावे, म्हणजे वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका.

"भाऊ, तुमी पेपरात व्हते. येकदा तरी आलो आसंल की मी."

मी म्हटलं, तात्या बसा, चहा घ्या, दहा मिनिटांत काढून देतो. खरंच तसं वाटलं होतं मला. तमाशावर मी जेवढं लिहिलं तेवढं आमच्या भागात त्या काळात फार कुणी लिहिलं नसेल. 1991 पासून मी नारायणगावचा वार्ताहर, नंतर पुण्यात डेस्कवर, मधे काही वर्षं आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर, आणि नोकरी सोडल्यापासून दरवर्षी दोन दिवसांचा लोककला महोत्सव भरवतो. पाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या, म्हणजे मंडळींच्या, मालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे पंच येऊन सुपारी ठरवतात, त्या राहुट्यांत मी वर्षानुवर्षं सतरंजीवर बसून बातम्या गोळा केल्यात.

तात्या तुणतुणंवाले. ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात पाहिलाय त्यांना हा माणूस दिसतच नाही. लाकडाचा पोकळ डबा, तळाला कातडं, बाजूला काठी आणि एकच तार. त्या एका तारेवर रात्रभर सूर धरून ठेवायचा, सुरुवातीच्या गण-गवळणीपासून शेवटचं नाट्य, म्हणजे वग, संपेपर्यंत. ढोलकीवाला चढत जातो, बाई नाचताना लय वाढवते, सरदार, म्हणजे फडाचा मुख्य नट, मधेच बोलायला लागतो, हे सगळे परत सुरावर येतात ते त्या तारेवर. आणि हे करता करता मागे उभं राहून झील धरायची, म्हणजे गाणाऱ्याची ओळ उचलून सूर लावायचा, जी जी रं जी. रात्रीचा खेळ संपला की सकाळी गावाला हजेरी, म्हणजे दिवसाचा छोटा खेळ, द्यायची, दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरायच्या आधी ट्रकमधे सामान, आणि पुढचं गाव. तीन फडांत मिळून 31 वर्षं तात्यांनी हे केलं.

कात्रणं माझ्याकडे आहेत. शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकांत खळीने चिकटवलेली, वर बॉलपेनने तारीख, एकूण सात पुस्तकं. एकाला वाळवी लागली म्हणून थोडा भाग गेला, बाकी शाबूत. पहिलं पुस्तक संपलं, तात्या नाहीत. दुसरं संपलं. दहा मिनिटांचे दोन तास झाले तेव्हा मला घाम फुटला, कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की नाव का नाहीये.

बातमी लिहायची आमची रीत अशी की महत्त्वाचं वर. कुठल्या गावची जत्रा, कुठला फड, मुख्य बाई कोण, वग कोणता, गर्दी किती, पाहुणे कोण. आणि एकदम शेवटच्या परिच्छेदात ढोलकीवर अमुक, हार्मोनियमवर अमुक, तुणतुण्यावर अमुक यांनी साथ केली. मी नावं लिहायचो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. रात्री लिहून सकाळच्या पहिल्या एसटीने पाकीट पुण्याला जायचं. पण तिकडे पानावर जाहिरात आली की कॉपी खालून कापतात, कारण खालचं कमी महत्त्वाचं असतं असं सगळ्यांनी धरलेलं असतं. म्हणजे प्रत्येक वेळी तोच परिच्छेद गेला आणि त्या जागी "व सहकारी" एवढंच राहिलं. मला हे माहीत होतं, रोजचा पेपर मी बघत होतो. तरी एकदाही ती नावं उचलून वर दुसऱ्या परिच्छेदात टाकायचं सुचलं नाही.

पुढे मी स्वतः डेस्कवर गेलो आणि मीच कापायला लागलो. 2002 च्या जानेवारीत तमाशातल्या मोठ्या कलावंत विठाबाई नारायणगावकर गेल्या. राष्ट्रपतींचा सन्मान दोनदा मिळालेल्या बाई, 1957 ला आणि 1990 ला, आमच्या नारायणगावच्या. त्या दिवशीचं पान लावायला मी होतो, जीव तोडून लावलं, आजही त्या पानाचा मला अभिमान आहे. तात्या समोर बसलेले असताना ते पुन्हा वाचलं. विठाबाईंच्या मागे ढोलकी धरून बसलेल्या एकाही माणसाचं नाव त्यात नाही.

फोटोंचं तर त्याहून वाईट. एका जत्रेचा दोन कॉलमी फोटो सापडला, मीच काढलेला. छापताना बाईवर क्रॉप केलेला, त्यामुळे उजव्या कडेला फक्त तुणतुण्याची काठी, खुंटी आणि एक हात. तात्या वाकून म्हणाले, "ह्यो माजा हात." तो हात घेऊन कुठे जाणार?

मग महोत्सवाची हँडबिलं काढली. तात्या आमच्या मंचावर चार वेळा येऊन गेलेत, चारही वेळा माझ्या हाताने मानधनाचं पाकीट दिलंय. हँडबिलावर फडाचं नाव, बाईंचं नाव, "आणि संच". प्रायोजकांच्या लोगोंना मात्र पूर्ण एक पट्टा. इथे तर कापणारा डेस्क नव्हता, मजकूर माझा, प्रूफही मीच तपासलेलं.

पाचव्या पुस्तकात एक सापडलं. 1996 ची बातमी, त्या दिवशी जाहिरात नसणार, शेवटच्या परिच्छेदासकट छापलेली. "तुणतुण्यावर तात्या यांनी साथ केली." आडनाव नाही, पूर्ण नाव नाही. मीच तसं लिहिलेलं, कारण सगळे त्यांना तात्याच म्हणतात आणि विचारायला मी थांबलो नव्हतो.

तरी आम्ही दोघं माझ्या गाडीवर बसून कचेरीत गेलो. वाटेत तात्यांना फडमालकाची आठवण झाली, तिथून उचलीच्या वह्या घेतल्या. फडात पगारपत्रक वगैरे नसतं, पावसाळ्यात घर चालवायला मालक उचल देतो आणि दसऱ्यापासून ती कामातून फिटते. त्या वह्यांत 19 वर्षं सलग तात्यांचं पूर्ण नाव, पुढे रक्कम, पुढे सही, त्यातल्या सुरुवातीच्या काही वर्षांत अंगठा. सही फडातच शिकलो म्हणाले. माझ्या मते एखादा माणूस 19 हंगाम फडात होता याचा याहून चांगला कागद असूच शकत नाही. टेबलावरच्या माणसाने पानं उलटली आणि म्हणाला, हा तर कर्जाचा हिशेब आहे, कलेचं काय यात? 1996 च्या कात्रणावर बोट ठेवून म्हणाला, आधारवर तात्या नाहीये.

मी आवाज चढवला. पत्रकार असल्याचं सांगितलं, जे मी एरवी कधी सांगत नाही. तात्या शेजारी पिशवीचे बंद धरून शांत बसलेले. तो माणूसही काही वाईट नव्हता, चहा मागवला त्याने, वर सुचवलं की तुम्ही आता एक बातमी छापून आणा ना यांच्यावर. आताच्या बातमीने मागची पंधरा वर्षं कशी दिसणार, हे मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

तेव्हा जिल्हा पातळीच्या कलावंताला महिना 2250 रुपये मिळायचे. 2024 पासून सरसकट 5000 झाले. तात्यांच्या घरी औषधांनाच किती जातात मला माहितीये, त्यामुळे हा आकडा वाचला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अर्ज आम्ही शेवटी दिला, वह्यांच्या झेरॉक्स, मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलेला दाखला आणि तीन फडमालकांच्या सह्या जोडून. दर सोमवारी फोन करतो. अजून समितीपुढे आहे म्हणतात.

मधल्या काळात एक काम सुरू केलंय. दुपारी जेवून तात्या येतात, आम्ही ओटीवर सातही हजेरीपुस्तकं घेऊन बसतो. मी बातमी वाचतो, गाव आणि साल सांगतो, ते डोळे मिटून मागे कोण कोण उभं होतं ते सांगतात आणि मी समासात लिहितो, पूर्ण नाव, गाव, वाद्य. निम्मी माणसं गेलीत. काल आम्ही त्याच क्रॉप केलेल्या फोटोवर आलो. तात्यांनी स्वतःच्या हातावरून बोट पुढे सरकवलं, फोटोची कड ओलांडून वहीच्या कोऱ्या कागदावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "हितं हलगीवाला व्हता. लिवा."