लाकडी पट्ट्यांची जीप

आज सगळी कामं बाजूला ठेवून जुन्या अमेरिकन मासिकांतल्या गाड्यांच्या जाहिराती चाळत बसलो. अडकलो तो जीप वॅगोनियरपाशी. ब्रूक्स स्टीव्हन्सचं डिझाइन, १९६३ चं मॉडेल. फोर-व्हील-ड्राइव्ह असून ऑटोमॅटिक गिअरसुद्धा! त्या काळी हे अप्रूपच. चिखलात राबणारी जीप घरच्यांना फिरवायलाही चालेल, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचं होतं. म्हणून तर जाहिरातीत परिच्छेदच्या परिच्छेद मजकूर. आता एवढं कोण वाचतंय म्हणा!

चित्र मोठं केलं की छपाईचे ठिपकेच ठिपके. आणि दारावरचं ते देखणं लाकूड? चक्क विनाइल, म्हणजे प्लॅस्टिक!

मालक बदलले, कायझर, १९७० ला एएमसी (अमेरिकन मोटर्स), १९८७ ला क्रायस्लर. मूळ ढाचा मात्र १९९१ पर्यंत तोच. नंतरच्या गुळगुळीत एसयूव्हींपेक्षा मला हीच आवडते.