बिनचेहऱ्याची बाहुली

युक्रेनमधल्या ल्विव्हमध्ये मी चार दिवस होते. त्यातले तीन दिवस दोन ओळींत आटपतील: डिसेंबरची ओली थंडी, साडेचारलाच पडणारा अंधार, वीज कुठे किती वाजता जाणार याचं रोज बदलणारं वेळापत्रक आणि हॉटेलखाली रात्रभर घरघरणारा जनरेटर. उरलेला एक दिवस मी एका शाळेच्या तळघरात रिफ्लेक्टर धरून उभी होते. हे सगळं त्या एका दिवसापायी लिहितेय.

मी मूळची कोल्हापूरची, सध्या पोलंडमध्ये क्राकूवला असते. ऑफिसातली माझी मैत्रीण ल्विव्हची आणि तिची मावसबहीण फोटोग्राफर. 2022 पासून ही मावसबहीण एकाच विषयामागे आहे: युद्धासाठी राबणाऱ्या स्वयंसेविकांची पोर्ट्रेट, त्यांच्या लोककथांतल्या वेशांसकट आणि खुणांसकट. तिचा मदतनीस सैन्यात गेला होता आणि प्रकाश धरायला कुणी नव्हतं. मला कॅमेऱ्यातलं थोडंफार कळतं, म्हणून मैत्रिणीने विचारलं आणि मी हो म्हणाले. आईला मात्र फोनवर "पोलंडमध्येच फिरतेय" असं सांगितलं. ते खोटं बोलणं अजून टोचतं.

24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनमध्ये प्रवासी विमान उतरलेलं नाही. पोलंडच्या टोकाला पशेमिशलपर्यंत एक गाडी, तिथून पुढे युक्रेनच्या रुंद रुळांवरची दुसरी. पशेमिशलला पासपोर्टच्या रांगेत आम्ही अडीच तास थंडीत उभ्या होतो. माझी चिडचिड झाली. मग लक्षात आलं की मागेपुढे जवळपास सगळ्या बायकाच आहेत, मोठमोठ्या बॅगा आणि पेंगुळलेली मुलं घेऊन. लढण्याच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना देशाबाहेर पडायला मनाई. नवऱ्याला भेटायचं तर बायकोनेच मुलांना घेऊन जायचं आणि चार दिवसांनी त्याच रांगेतून परत यायचं. पुढच्या बाईने काही न विचारता थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला. मला आमचं कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. 1943 ते 48 तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलंच. त्यांतले कितीतरी जण याच पट्ट्यातून, तेव्हाच्या पूर्व पोलंडमधून, सायबेरिया-कझाकस्तानकडे हाकलले गेले होते. लहानपणी वळिवड्याबद्दल ऐकताना ते सगळं फार जुनं वाटायचं. त्या रांगेत तसं वाटेना.

शाळेत पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. नऊच्या ठोक्याला देशभर एक मिनिट शांतता पाळतात. तळघरात लाकडी चौकटींवर ताणलेली जाळी होती आणि तिच्यासमोर सातआठ बायका हातातल्या पट्ट्यांसकट स्तब्ध उभ्या होत्या. मिनिट संपलं आणि बोटं पुन्हा चालायला लागली. बर्फाचे दिवस जवळ आलेले, म्हणून जाळ्या पांढऱ्या. जुन्या चादरी, पडदे, जे मिळेल ते फाडून पट्ट्या करायच्या आणि जाळीच्या चौकोनांतून ओवायच्या. या जाळीखाली कुणाची तरी गाडी, कुणाचा तरी खंदक लपणार.

त्यांच्या भाषेत आपल्या 'स्वयंसेवक'साठी दोन शब्द आहेत. मागे राहून मदत करणारी ती वोलोंतेरका, आणि स्वतःहून शस्त्र हाती घेणारी ती दोब्रोवोलित्सा. त्या दिवशी समोर होत्या त्या सगळ्या वोलोंतेरका: जाळ्या विणणाऱ्या, मेणाच्या डबा-बत्त्या करणाऱ्या, पोलंडमधून जुन्या गाड्या विकत घेऊन आघाडीपर्यंत नेऊन पोचवणारी एक.

मला हा फोटोंचा प्रकार आधी पटलेला नव्हता. इंटरनेटवर असले फोटो पाहिले होते, डोक्यावर खसखशीची लाल फुलं, मागे धूर, देखणी मुलगी. युद्ध कॅलेंडरवर छापल्यासारखं. हे मी फोटोग्राफरला बोलूनही दाखवलं. तिने वाद घातला नाही. कोपऱ्यातला एक पोशाख उचलून माझ्या अंगावर टाकला: पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत गवतासारख्या लोंबणाऱ्या चिंध्या, नेमबाजाने रानात लपायचा. चांगला जड होता. "याला आम्ही काय म्हणतो माहितेय? कीकिमोरा." कीकिमोरा म्हणजे रात्री घरात येऊन बाईने कातलेल्या सुताचा गुंता करून ठेवणारी त्यांच्या कथांमधली भुताळी. त्या पोशाखाला सगळं सैन्य याच नावाने ओळखतं. जाळ्या विणणाऱ्या स्वतःला पावुच्की, म्हणजे कोळिणी म्हणवतात, आणि नाताळात घराच्या आढ्याला टांगतात त्या गवताच्या काड्यांच्या झुंबराचं नावही पावूक, कोळी. ती म्हणाली, "लोककथा मी बाहेरून आणत नाही. ती इथे आधीपासून कामाला लागलेली आहे." मी रिफ्लेक्टर उचलला आणि त्यावर पुन्हा बोलले नाही.

परास्का प्लित्का-होरित्स्वितचे फोटो ती फोनमध्ये घेऊन फिरते. स्टालिनच्या छावण्यांत वर्षं काढून ही बाई कार्पेथियन डोंगरातल्या क्रिवोरिव्न्या गावी परतली आणि आयुष्यभर गावकऱ्यांचे फोटो काढत राहिली. 1998 मध्ये ती गेली. तिच्या हजारो निगेटिव्ह जगापुढे आल्या त्या बऱ्याच नंतर. त्यांतली माणसं कॅमेऱ्यासमोर पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी उभी आहेत. तसं जमायला हवं, हे आमची फोटोग्राफर दिवसभरात तीनदा म्हणाली.

पहिली चूक माझीच. साठीच्या एका आजीबाईंना मी हौसेने कालिनाच्या लाल फळांचा विनोक, म्हणजे डोक्यावरची माळ, पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. विनोक कुमारिकेचा. लग्न झालं की केस झाकायचे, पूर्वी त्यासाठी नामित्का असायची, काही मीटर लांब पातळ पांढरं कापड, डोक्याभोवती गुंडाळून हनुवटीखालून घेतलेलं. ती कुणाकडेच नव्हती. मग जाळीसाठी आलेली एक पांढरी चादर न फाडता ठेवली आणि दोघीतिघींनी मिळून, आपली आजी कसं बांधायची ते आठवत आठवत, आजींच्या डोक्याला गुंडाळली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा नीट बसली तेव्हा आजींचा चेहराच बदलला, मान ताठ झाली. फोटो झाल्यावर त्यांनी ती चादर स्वतः सोडली, घडी घातली आणि फाडायच्या ढिगावर ठेवली.

गाड्या पोचवणारी तिशीची होती. तिने स्वतःच्या पिशवीतून बोर्शचिव्हकडचा सदरा काढला, बाह्या काळ्या भरतकामाने इतक्या भरलेल्या की मूळ कापड दिसू नये. त्याची दंतकथा अशी की शत्रूच्या धाडीत त्या भागातले पुरुष मारले गेले, तेव्हा बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या काळंच भरत घालायची शपथ घेतली. तिने हा सदरा का निवडला ते कुणी विचारलं नाही. आदल्या दिवशी आम्ही लिचाकिव्ह दफनभूमीशेजारच्या मार्सोवे पोले मैदानात गेलो होतो, तिथे नव्या थडग्यांवर झेंडे आहेत आणि प्रत्येकावर फोटो. बरेचसे फोनमधून निवडलेले, हसरे. तिचा नवरा तिथेच आहे.

आता ज्या बाईसाठी हे लिहायला बसले, ती. चाळिशीची असेल. गाव अजून रशियाच्या ताब्यात, नाव लिहीत नाही. ती आली, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. मला वाटलं लाजतेय. मी मैत्रिणीकडून तिला सांगितलं की तुझा चेहरा फार सुंदर आहे, असा लपवू नकोस, जगाला दिसू दे. मैत्रीण हे सांगताना अडखळली, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. बाईने मान न वळवता उत्तर दिलं, "माझी आई तिथेच आहे."

एवढंच. हिचा चेहरा कुणी ओळखला तर दार आईचं वाजणार.

कुणी काही बोलेना. तीच उठली, आपल्या पिशवीतून एक बाहुली काढली. मोतांका. सुई नाही, कात्री नाही, हाताने फाडलेलं कापड गुंडाळून, दोऱ्याने आवळून केलेली. तोंडाच्या जागी डोळे-नाक काही नाही, रंगीत दोऱ्यांचा फक्त एक क्रूस. चेहरा दिला तर बाहुलीत जीव शिरतो आणि कुणाचा शिरेल ते आपल्या हातात नसतं, असं मानतात. ती पुन्हा बसली, या वेळी आमच्याकडे तोंड करून, आणि बाहुली दोन्ही हातांनी स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरली.

कॅमेऱ्याचा फोकस चेहरा शोधत राहिला. पडद्यावरची ती छोटी चौकट बाहुलीवरून केसांवर, केसांवरून मागच्या जाळीवर भटकत होती. फोटोग्राफरने ती सोय बंद केली आणि हाताने दोऱ्यांच्या क्रूसावर फोकस लावला.

तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. आम्ही तळघरातच होतो, आम्हाला कुठे जायचं नव्हतं. वरचे वर्ग खाली आले. पहिली-दुसरीतली पोरं वह्या घेऊन, रोजचं असल्यासारखी, जाळ्यांच्या चौकटींमधून वाट काढत बाकांवर बसली. एक मुलगी सरळ खुर्चीजवळ आली, बाहुलीकडे बघत म्हणाली, "हिचं तोंड कुठाय?"

बाहुलीमागून उत्तर आलं, "घरी राहिलंय."

मुलीला ते पटलं. ती जाऊन बसली.

फोटो संपल्यावर मी त्याच बाईशेजारी पट्ट्या ओवायला बसले. माफी मागायची होती, शब्द नव्हते. आमच्याकडे आज्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तसे माझे हात आपोआप सरळ ओळी घालायला लागले. तिने माझी अख्खी ओळ सोडली. वर बोट दाखवून ड्रोनसारखा आवाज काढला आणि हाताने वेडीवाकडी नागमोडी हवेत काढली. सरळ रेघ रानात नसते, वरून लगेच दिसते. मी पुन्हा सुरुवात केली. अंधार पडला, वीज गेली, कुणीतरी बॅटरीचा दिवा लावला. कुणाची तरी आई बोर्शचं, म्हणजे बिटाच्या सूपचं, मोठं भांडं घेऊन आली. मला दोनदा वाढलं, नको म्हणायची सोय नव्हती.

जानेवारीत फोटोग्राफरने चादरीची नामित्का घातलेल्या आजींचा आणि काळ्या सदऱ्यातल्या ड्रायव्हरचा फोटो पाठवला. बाहुलीच्या फोटोबद्दल मी विचारलं. मोठा करून पाहताना तिच्या लक्षात आलं होतं की त्यात एक गोष्ट राहून गेलीय, जिच्यावरून गावातला माणूस त्या बाईला ओळखेल. ती गोष्ट कोणती, ते मी इथे लिहीत नाही. गाव रशियाच्या ताब्यातून सुटेपर्यंत तो फोटो कुणालाच दाखवायचा नाही असं त्या दोघींनी ठरवलंय. मलाही तो पाठवलेला नाही, आणि मी पुन्हा मागितला नाही.