काचगृहातली ती भेट आणि माझे अडकलेले वाचन

सुझान कॉलिन्स यांची ‘हंगर गेम्स’ ही त्रिखंडी कादंबरी (2008, 2009 आणि 2010) ज्यांना स्वतः वाचायची आहे, त्यांनी हा अनुभव नंतर वाचावा, कारण इथे शेवटापर्यंतचे सगळे येणार आहे. कॅपिटॉल ही राजधानी आपल्या ताब्यातल्या डिस्ट्रिक्टमधली मुले जीवघेण्या खेळांत एकमेकांविरुद्ध उतरवते, आणि त्या खेळांतून वाचलेली कॅटनिस पुढे बंडाचे प्रतीक बनते, अशी ही गोष्ट आहे. पहिले दोन भाग मी झपाट्याने वाचले. तिसऱ्या भागात, ‘मॉकिंगजे’मध्ये, कॅटनिस आणि कॅपिटॉलचा सत्ताधीश, राष्ट्राध्यक्ष स्नो यांची काचगृहात जी भेट होते, तिथे माझे वाचन ठप्प झाले, आणि तिथून मी बाहेर कशी आले हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

ही पुस्तके मला अकरावीतल्या भाचीने दिली. काचगृहाच्या प्रसंगापाशी मी थांबले आहे हे कळल्यावर तिने एवढेच सांगितले, “मावशी, तो खोटं बोलतोय गं, तू पुढे वाच ना.” तिच्या मैत्रिणींचेही तेच मत होते. या एका वाक्याने मी इतकी अस्वस्थ झाले की तो राग अजून पुरता गेलेला नाही. तो भाचीवर नाही. खलनायक बोलला म्हणजे ते खोटेच असणार, हे आपण पुस्तक उघडण्यापूर्वीच ठरवून बसतो, त्या सवयीवर आहे.

प्रसंग असा आहे. युद्ध संपले आहे. स्नोच्या वाड्यासमोर कॅपिटॉलची मुले कुंपणात ढालीसारखी उभी केली होती. कॅपिटॉलची खूण असलेल्या विमानातून त्यांच्यावर रुपेरी पॅराशूट सोडली गेली, मुलांनी ती भेटवस्तू समजून हातात घेतली आणि त्यांपैकी काहींचा स्फोट झाला. बंडखोरांचे वैद्यकीय पथक मदतीला धावले, तेव्हा उरलेली पॅराशूट फुटली. त्यात कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम गेली. भाजलेली, बोलणे जवळपास थांबलेली कॅटनिस त्याच वाड्यात भटकत काचगृहाच्या दारापाशी येते. आत गुलाबांमध्ये बेड्या घातलेला, रुमालात रक्त खोकणारा स्नो आहे. तो प्रिमबद्दल दुःख व्यक्त करतो आणि मग सांगतो की ती पॅराशूट त्याची नव्हती. तो शरणागती जाहीर करण्याच्या बेतात होता; हाताशी विमान असते तर त्याने ते पळून जाण्यासाठी वापरले असते. मुले मारायला आपण कचरत नाही हे तो मान्य करतो, पण निष्कारण काही वाया घालवणे हा आपला स्वभाव नाही, असे म्हणतो. हे काम बंडखोरांची नेता कॉईन हिचे आहे, असा त्याचा आरोप आहे. कॅटनिस म्हणते की तिचा विश्वास बसत नाही, आणि तो तिला आठवण करून देतो की एकमेकांशी खोटे न बोलण्याचे आपले ठरले होते.

पुस्तक मिटून मी तिथेच थांबले, कारण हा माणूस कोण आहे हे मला ठाऊक होते. त्याने प्रतिस्पर्ध्यांना विष देऊन संपवले, संशय येऊ नये म्हणून स्वतःही त्याच पेल्यातून प्यायला, आणि तोंडातल्या जखमांचा वास गुलाबांनी झाकला. खेळांतला कॅटनिसचा साथीदार पीटा याच्या आठवणी त्याने विषारी केल्या. अशा माणसाच्या तोंडी लेखिकेने सत्य ठेवले असेल, तर प्रिमच्या मृत्यूचा राग वाचकाने कुठे न्यायचा? शिवाय पुरावा काहीच दिलेला नव्हता. पुढची पाने उलटण्याची घाई न करता मी मागे गेले, आणि माझा सल्लाही तोच आहे: या भेटीनंतर लगेच पुढे जाऊ नका.

प्रथम दुसऱ्या भागाचे दुसरे प्रकरण काढा. तिथे स्नो कॅटनिसच्या घरी, अभ्यासिकेत बसलेला असतो. खोटे न बोलण्याचा करार तिथलाच. त्या भेटीत तो तिला धमकावतो, तिचा जवळचा मित्र गेल याचे नाव घेतो, खेळांत तिने कॅपिटॉलला आव्हान देत पुढे केलेल्या मूठभर विषारी बेरींनी पेटलेली ठिणगी कशी पसरेल ते सांगतो. पण त्यात असत्य असे काही सापडत नाही. मी शब्द न् शब्द तपासला. मग तिसऱ्या पुस्तकातला, बंडखोरांचा तळ असलेल्या तेराव्या डिस्ट्रिक्टमध्ये गेल आणि शस्त्रे बनवणारा बीटी सापळे आखत बसतात तो भाग पाहा: एक स्फोट, मग मदतीला माणसे येण्याइतका वेळ, मग दुसरा. कॅटनिसला तेव्हाच ते सहन होत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत बोलकी आहे: प्रिम जेमतेम तेरा वर्षांची होती. इतक्या लहान मुलीला आघाडीवर पाठवण्याची परवानगी फार वरूनच येऊ शकते.

हे तिन्ही धागे हाती आल्यावर मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. स्नो खरे बोलत होता. तो सुधारला म्हणून नव्हे. खरे बोलल्याने कॅटनिसच्या हातात एकही आधार उरत नाही, हे त्याला कळत होते म्हणून. तिच्या घरात ठेवलेल्या पांढऱ्या गुलाबापेक्षा हा घाव खोल आहे.

चित्रपटांविषयी आधीच लिहायला हवे होते ते आता आठवले: ते आधी पाहू नका. कादंबरी पूर्णपणे कॅटनिसच्या तोंडून येते, त्यामुळे ती पाहील तेवढाच स्नो आपल्याला दिसतो. 2012च्या चित्रपटात मात्र खेळांचा मुख्य आयोजक सेनेका क्रेन याच्याबरोबर गुलाबांच्या बागेत बोलणारा स्नो पहिल्याच भागात भेटतो. डोनाल्ड सदरलँड यांचा अभिनय अप्रतिम आहे, पण त्या ओळखीमुळे काचगृहातला धक्का सौम्य होतो.

त्यानंतर पुढचे वाचन सोपे गेले. कॉईन कॅपिटॉलच्या मुलांचे शेवटचे खेळ भरवण्याचा प्रस्ताव मांडते आणि कॅटनिसचा बाण कुणावर सुटतो, हे वाचताना मी तिच्या बरोबरीने चालत होते. बॉम्ब कुणाचा याचे ठाम उत्तर गेललाही देता येत नाही, हे आता मला खटकत नाही.

भाचीला मी तिन्ही जागा दाखवल्या, आणि बराच वाद घालून तिने प्रिमच्या वयाचा मुद्दा मान्य केला. आता आमच्यात वेगळाच प्रश्न उभा आहे. काचगृहाच्या दारावर पहारेकरी कॅटनिसला अडवतात, तेव्हा तिला आत सोडण्याचा हुकूम बंडखोरांची सेनानी पेलर देते, आणि कॉईनच्या मृत्यूनंतर राष्ट्राध्यक्ष होते तीही पेलरच. भाची याला योगायोग म्हणते. मला ते पटत नाही, आणि पेलरचा प्रत्येक उल्लेख शोधत मी तिसरा भाग पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला आहे.