डीएसपी: आधी ऐकलं, मग वाचलं

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (डीएसपी), म्हणजे आवाजासारखे सिग्नल आकड्यांत उतरवून त्यांच्यावर काम करणं, शिकायला घेतलं तेव्हा एक नियम ठरवला: कुठलंही समीकरण आधी चालवून बघायचं, जमेल तिथे ऐकायचं, आणि मगच त्याची सिद्धता वाचायची. साधनं फारशी लागली नाहीत. पायथन, नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी), आलेख काढायची एक लायब्ररी आणि हेडफोन. सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला सिग्नलची किती मोजमापं (सॅम्पल्स) घ्यायची तो आकडा, मुद्दाम 8000 हर्ट्झ ठेवला, म्हणजे हिशेब तोंडी करता येतो.

सुरुवात अलायसिंगपासून केली, म्हणजे सॅम्पल्स घेतल्यावर एक स्वर दुसऱ्याच स्वरासारखा भासणं. शून्यापासून 8000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर तयार करून लावला. 4000 पर्यंत तो चढला आणि तिथून उलटा खाली यायला लागला. कोडमध्ये तर फ्रिक्वेन्सी वाढतच होती! मग 3000 आणि 5000 हर्ट्झच्या कोसाइनची सॅम्पल्स शेजारी शेजारी छापली. दोन्हीकडे 1, −0.707, 0, 0.707, −1 आणि पुढेही तेच. एकदा सॅम्पल्स घेतली की यातला मूळ स्वर कोणता होता, हे नुसत्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. नायक्विस्टची मर्यादा (सॅम्पलिंग रेटच्या निम्मी, इथे 4000 हर्ट्झ) काय आहे आणि एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या, आधी त्यावरचे स्वर अडवणारा अॅनालॉग फिल्टर का लागतो, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं.

फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी किती आहेत ते काढणारं गणित, आधी दोन लूप लावून स्वतः लिहिला. 800 सॅम्पल्सना 6,40,000 गुणाकार. हेच काम खूप कमी गुणाकारांत करणाऱ्या, कूली आणि टुकी यांच्या 1965 च्या पद्धतीचं (एफएफटी) मोल कळायला एवढं पुरे. पुढे तयार एफएफटीच वापरला. 800 सॅम्पल्स घेतली की स्पेक्ट्रममधला प्रत्येक खण बरोबर 10 हर्ट्झचा होतो. 440 हर्ट्झचा स्वर दिला तर एकच टोकदार रेघ दिसते. 445 दिला की तीच ऊर्जा आजूबाजूच्या सगळ्या खणांत सांडते. हॅन विंडो लावली, म्हणजे सॅम्पल्स दोन्ही टोकांना हळूहळू शून्यावर आणली, की हे सांडणं बरंच आटोक्यात येतं, पण मधला उंचवटा रुंद होतो. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत. आलेख समोर असताना हे पटवून द्यावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रेझोनेटरने, म्हणजे एका ठरावीक स्वरावर घुमणाऱ्या फिल्टरने. मागची दोन आउटपुट धरून नवं आउटपुट काढायचं: y[n] = x[n] + 2r·cosθ·y[n−1] − r²·y[n−2]. इथे x इनपुट, y आउटपुट आणि n सॅम्पलचा क्रमांक; θ वर स्वर ठरतो, r वर तो किती टिकतो ते. इनपुट म्हणून फक्त एक 1 आणि पुढे सगळे शून्य. θ असा निवडला की स्वर 440 हर्ट्झचा यावा. r = 0.99 ठेवला तर नुसती टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. r = 0.999 केला की स्वर घुमतो, कारण त्याची उंची 37 टक्क्यांवर यायला सुमारे 1000 सॅम्पल्स, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग लागतो. r = 1 ला तो विझतच नाही. आणि 1.001 केलं की आकडे फुगतच जातात (हे हेडफोनवर ऐकू नका, आलेखातच बघा). फिल्टरचे पोल (इथे केंद्रापासून r अंतरावर, ±θ कोनात येणारे दोन बिंदू) युनिट सर्कलच्या, म्हणजे 1 त्रिज्येच्या वर्तुळाच्या, आतच का हवेत, याचं उत्तर मी असं कानाने मिळवलं. हे पोल ज्या गणितातून येतात त्या झेड ट्रान्सफॉर्मचं प्रकरण त्यानंतर उघडलं आणि ते न अडखळता वाचता आलं, कारण प्रश्न माझ्याकडे आधीच तयार होते.

नुसत्या प्रयोगांवर सगळं भागतं असं मात्र मी म्हणणार नाही. हवा तसा फिल्टर त्याच्या समीकरणातले गुणक चाचपडत बदलून मिळत नाही; डिझाइनसाठी गणितच लागतं. फरक एवढाच, की ते गणित कशासाठी करायचं हे आता ठाऊक असतं.

सध्या थेट माइकवरून 256 सॅम्पल्सचे ब्लॉक घेऊन ते याच रेझोनेटरमधून जाऊ देतो आहे. एक ब्लॉक 32 मिलिसेकंदांचा, म्हणजे पुढचा यायच्या आत आधीच्याचं काम उरकायला हवं. एका ब्लॉकमधली शेवटची दोन आउटपुट पुढच्यासाठी जपून ठेवावी लागतात. ती मुद्दाम शून्य करून ऐकलं, तर प्रत्येक जोडावर टिक् वाजतं, सेकंदाला 31 वेळा. पुस्तकात ज्याला फिल्टरची 'स्टेट' म्हणतात, ती म्हणजे हीच दोन आउटपुट.