नोव्हेंबर आणि हयातीचा दाखला

हवेत गारवा आला आणि आम्हा निवृत्तांचा, पेन्शन चालू राहावी म्हणून हयातीचा दाखला देण्याचा हंगाम सुरू झाला. थंडीने कोरड्या पडलेल्या, वयाने रेषा पुसट झालेल्या माझ्या बोटांचे ठसे आज यंत्राने ओळखलेच नाहीत. अंगठा पुसून, किंचित ओला करून पुन्हा दाबला तरी नकारच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल हयातीच्या दाखल्याच्या सोयीत २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, म्हणून नातवाने मोबाईल समोर धरला, ‘आजोबा, पापण्या मिटा, आता उघडा’ म्हणाला आणि काम फत्ते झाले. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, ही सवलत मला फार मोलाची वाटते. शेजारच्या वहिनींकडे मोबाईल हाताळणारे कोणी नाही, तेव्हा उद्या सकाळी आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत.