घरच्या नेटवर्कवर शेअरिंग: फोल्डरचा प्रश्न सुटला, प्रिंटरही लागला

घरातली तीन मशीन एकमेकांचे फोल्डर आणि प्रिंटर वापरू शकत नव्हती. अपडेट असं की तिन्ही आता एकमेकांच्या फायली उघडतायत. जुना डेस्कटॉप विंडोज १० वर, प्रिंटर त्यालाच यूएसबीने लावलेला, नवा लॅपटॉप विंडोज ११ वर, आणि कोपऱ्यात एक छोटा लिनक्स पीसी, त्यावर सांबा (लिनक्सला विंडोजशी फायली शेअर करू देणारं सॉफ्टवेअर).

सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगतो. "नेटवर्कमध्ये पीसी दिसत नाही" आणि "शेअर उघडत नाही" हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, आणि लोक पहिल्याच्या मागे लागून दुसऱ्याच्या सेटिंग उलट्यापालट्या करत बसतात. एक्सप्लोररच्या 'नेटवर्क'मध्ये दिसणारी मशीनची ती जुनी यादी एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) च्या भरवशावर चालायची, आणि २०१७ च्या १७०९ व्हर्जनपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ मुळात इन्स्टॉलच नसतं, त्यामुळे आता यादीत नाव यायला 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस चालू पाहिजे. डेस्कटॉपवर ती बंदच होती, ऑटोमॅटिक केली आणि नाव आलं. लिनक्सवाला तरी दिसेना, कारण नुसतं सांबा ती नवी पद्धत बोलत नाही, त्याला डब्ल्यूएसडीडी हा यादीत नाव दाखवणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा टाकावा लागतो. यादीसाठी एसएमबी १ परत चालू करा असं कोणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता.

माझी टेस्ट आता ठरलेली आहे. एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये सरळ समोरच्या मशीनचा आयपी पत्ता, जसं \\१९२.१६८.१.२०, टाकायचा. उघडलं तर शेअरिंग ठीक, फक्त यादीची बोंब. नाही उघडलं तर पॉवरशेलमधून त्या आयपीचा ४४५ पोर्ट (फाइल शेअरिंगचं दार) उघडा आहे का ते तपासायचं. लॅपटॉपवरून डेस्कटॉपचा तपासला तर ट्रू, पण डेस्कटॉपवरून लॅपटॉपचा तपासला की फॉल्स, म्हणजे अडथळा लॅपटॉपच्याच फायरवॉलमध्ये. बघितलं तर राउटर बदलल्यावर वायफाय त्याला नवीन नेटवर्क वाटलं आणि प्रोफाइल पब्लिक, म्हणजे अनोळखी नेटवर्कसाठीचं कडक, होऊन बसलं होतं. प्रायव्हेट केलं, लगेच ट्रू. फायरवॉल बंद करायची काही गरज नाही. आणि एखादं मशीन गेस्ट वायफायवर असेल तर तिथून बाकीची मशीन बहुतेक वेळा दिसतच नाहीत, तेही बघून घ्या.

मग पासवर्डची भानगड. लॅपटॉप ज्या पिनने उघडतो तो पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. म्हणून डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी वेगळा लोकल युजर बनवला, साधा, ॲडमिन नाही. तरीही ॲक्सेस डिनाइड येत होतं, कारण शेअरिंग टॅबमध्ये परवानगी होती पण सिक्युरिटी टॅबमध्ये त्या युजरचं नाव नव्हतं, आणि दोन्हीतली जी जास्त कडक तीच लागू होते. ते जमल्यावर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी एंट्री उडवली, नाहीतर लॅपटॉप गुपचूप जुनंच नाव पाठवत राहतो.

प्रिंटरने मात्र घाम काढला. जोडायला गेलं की ११बी वाला एरर. २०२१ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर प्रिंट शेअरिंगची ऑथेंटिकेशन कडक झाली तेव्हापासूनचा हा एरर. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) एक व्हॅल्यू शून्य करून तो घालवता येतो, पण ते म्हणजे दिलेलं संरक्षणच काढून टाकणं, मला पटत नाही. त्याऐवजी लॅपटॉपवर प्रिंटरचा ड्रायव्हर आधी टाकला, मग मॅन्युअल ॲड प्रिंटरमध्ये नवीन लोकल पोर्ट बनवून पोर्टच्या नावात \\डेस्कटॉप\प्रिंटर असा शेअरचा पत्ता दिला. शेअरचं नाव छोटं, स्पेस नसलेलं ठेवा. टेस्ट पेज आलं, रंगासकट!

आता राउटरमध्ये तिन्ही मशीनचे आयपी फिक्स करतोय, म्हणजे तो २० वाला पत्ता उद्या दुसऱ्याच कुणाला मिळायला नको. लिनक्सवरून प्रिंट अजून बाकी आहे, ते कप्समधून (लिनक्सची प्रिंटिंग सिस्टिम) करणार, कोणी सांबामार्गे केलं असेल तर ड्रायव्हर कुठला घेतला तेवढं सांगा.